बोलेरोचा आल्टरनेटर आणि वीतभर होज

सोमवार, रात्र

आषाढ लागला की आमच्याकडचं वेळापत्रक गाडी ठरवते. पेणजवळच्या हमरापूरहून गणपतीच्या कच्च्या मूर्ती कधी येणार, त्यावर लालबागच्या कारखान्यात रंगारी कधी येणार, त्यावर डोळ्यांची आखणी करणारे काका कधी बसणार, आणि मग गिऱ्हाइकाला तारीख. गाडी म्हणजे 2011ची बोलेरो पिकअप, एमएच 06, पेणच्या आरटीओत पासिंग. सासऱ्यांनी घेतलेली. आठ वर्षं उलटल्यापासून दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते आणि दरवर्षी भावजी म्हणतात, "वहिनी, आता काढून टाकू."

आज ड्रायव्हर मामांचा फोन आला तेव्हा ते पनवेलच्या अलीकडे होते. मुसळधार पाऊस, मागे ताडपत्रीखाली पेंढ्यात बसवलेल्या मूर्ती, आणि हेडलाइट पिवळे पडत चाललेले. वायपर काचेवरून ओढत नेल्यासारखा जातोय, हॉर्नचा घसा बसलाय. रस्त्याकडेच्या बॅटरीवाल्याने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, बॅटरी गेली, नवीन टाका.

बॅटरी गेली हे आपल्याकडचं ठरलेलं निदान. डॉक्टर नसला की व्हायरल म्हणतात तसं. मी मामांना विचारलं, "बॅटरीचा लाल दिवा लागलाय का?" ते म्हणाले, "नाही ताई, दिवा अजिबात लागत नाही. म्हणजे चार्जिंग बरोबर आहे ना?"

मी म्हटलं, इंजिन बंद करू नका, पंखा आणि गाणी बंद करा, सरळ घरी या. या गाडीचा डिझेल पंप मेकॅनिकल आहे, सेन्सर-बिन्सरची भानगड नाही. एकदा चालू झाली की वीज लागते ती दिव्यांना आणि वायपरला. पण तीही काही थोडी नाही. 55 वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे नऊ अँपिअर तिथेच गेले, वर वायपरची मोटर, मागचे दिवे, इंडिकेटर. चार्जिंग नसेल तर हे सगळं बॅटरी एकटी ओढते, आणि अर्धीमुर्धी भरलेली बॅटरी असा किती वेळ तग धरणार?

मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडी आली. मूर्ती कोरड्या. बाकी उद्या.

मंगळवार

सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक् टक्. मीटर लावला, बॅटरीवर 11.7 व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असताना 12.6च्या आसपास दाखवते. 11.7 म्हणजे पार रिकामी. पण रिकामी आणि खराब यात फरक आहे, आणि तो पाहायला बॅटरीवाल्यांना वेळ नसतो. नवी विकायला मात्र असतो.

शेजारच्या टेम्पोची बॅटरी जोडून गाडी चालू केली. चालू गाडीला बॅटरीच्या टोकांवर 13.8 ते 14.4 यायला हवेत. आले 12.1, आणि हेडलाइट लावले की आणखी खाली. आल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारं यंत्र; त्याच्या मागच्या जाड टर्मिनलवर मीटर धरला, तिथेही तेवढेच. म्हणजे मधली वायर धडधाकट आहे, माल तयारच होत नाहीये. मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडला होते. लग्नानंतर ते शिक्षण घरातल्या मिक्सर-इस्त्रीपुरतं उरेल असं सगळ्यांनी धरलं होतं.

मग मामांच्या त्या दिव्याकडे वळले. गाडी बंद, फक्त चावी फिरवलेली. अशा वेळी डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा ठळक लागला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. आमच्याकडे तो चावी फिरवल्यावरसुद्धा लागला नाही. बल्ब काढून पाहिला, बल्ब ठीक.

इथेच खरी मेख आहे. आल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या गुंडाळीला, म्हणजे रोटरला, आधी थोडा करंट बाहेरून द्यावा लागतो. त्याशिवाय तो चुंबक होत नाही आणि चुंबक झाल्याशिवाय वीज नाही. हा पहिला करंट या लाल दिव्यातूनच जातो. दिव्यातून व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, तिथून कार्बन, म्हणजे फिरत्या रिंगांना टेकून करंट पोहोचवणारे छोटे ठोकळे, कार्बनवरून रोटरच्या तांब्याच्या रिंगा, रोटर आणि अर्थ. ही साखळी कुठेही तुटली की रोटर उठत नाही आणि दिवाही लागत नाही. म्हणजे आल्टरनेटर मेलेला असताना दिवा शांत. मामांसारखे तीस वर्षं गाडी चालवलेले लोकही विझलेल्या दिव्याला 'सब ठीक' समजतात, कारण तो दिवा पाहायचा असतो इंजिन चालू करण्याआधी, आणि त्या दोन सेकंदांत कोण बघतो!

खात्रीसाठी चावी चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरचं टोक पुलीच्या नटाजवळ नेलं. रोटरला करंट मिळत असेल तर नट टोकाला खेचतो, चांगला जाणवेल इतका. काही नाही. गल्लीतला एक पोरगा म्हणाला, "ताई, गाडी चालू करून बॅटरीचं टर्मिनल काढून बघू, बंद पडली तर डायनामो खराब." आल्टरनेटरलाच तो डायनामो म्हणतो. त्याच्या हातातला पाना मी काढून घेतला. ही युक्ती जुन्या डायनामोच्या काळातली. आल्टरनेटर चालू असताना बॅटरी सोडवली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतले डायोड, रेग्युलेटर क्षणात जळतात. धडका आल्टरनेटर या परीक्षेत मरतो.

त्याच पोराचं दुसरं म्हणणं, डायनामो उतरवून बॅटरीवरच गाडी कुर्ल्याला नेऊ. हे तर त्याहून भयंकर. या डिझेल गाड्यांत ब्रेक दाबायला जोर देणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम पंप आल्टरनेटरच्याच पाठीवर, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. पेट्रोल इंजिनाला व्हॅक्यूम आपोआप मिळतो, डिझेलला नाही, म्हणून हा वेगळा पंप. आल्टरनेटर उतरवला की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. परळच्या पुलाच्या उतारावर तसा ब्रेक दाबत बसायचा? शिवाय पंपाला इंजिनातून तेल पुरवणारी नळी उघडी राहणार ती वेगळीच.

गाडी जागेवरच राहिली. बॅटरी चार्जिंगला दिली, रात्रभर सावकाश. रिकामी बॅटरी भरायचं ओझं आल्टरनेटरवर टाकलं तर तो तापून तापून दमतो, नवा असला तरी.

गुरुवार

उतरवलेला आल्टरनेटर सात-आठ किलोचा असेल. दोन प्लास्टिकच्या पिशव्या, त्यावर गोणपाट, तरी तेल झिरपलंच. करी रोडहून स्लो लोकल पकडली. लेडीज डब्यात समोरच्या काकूंनी विचारलं, "फणस का हो?" मी हो म्हटलं. कुर्ल्यापर्यंत समजावत कोण बसणार?

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडकडे गाड्यांच्या जुन्या मालाची दुकानं आहेत, आणि त्यांच्या आडोशाला पत्र्याखाली बसणारे कारागीर. सासऱ्यांच्या वेळचे एक चाचा आहेत, त्यांच्याकडेच गेले. त्यांनी गोणपाट सोडला, आल्टरनेटर हातात फिरवला आणि पुलीकडे न बघता पाठीकडे बघितलं. चारही लांब बोल्ट सोडून रबरी हातोडीने हलकेच ठोकलं, दोन भाग सुटे झाले. आत काळा चिखल. कार्बनचा भुगा आणि इंजिन ऑइल यांचं मिळून झालेलं काजळ तांब्याच्या रिंगांवर, कार्बनच्या खोबणीत, सगळीकडे. कार्बन एवढे चिकटलेले की स्प्रिंग त्यांना रिंगेपर्यंत ढकलू शकत नव्हती. चाचांनी एक कार्बन नखाने उचकटून माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढाच उरला होता, एका बाजूने तिरका झिजलेला.

"ताई, कार्बन डाल के दूँ तो आज चालू हो जाएगा। लेकिन तेल किधर से आया, वो देखना पडेगा।"

आवडलं मला हे वाक्य. बाजूच्या दुकानदाराने तोवर दोन पर्याय पुढे केले होते. एक, 'चालू हालतीतला' जुना आल्टरनेटर, ताबडतोब. दुसरा, नवा कोरा, ज्याची किंमत ऐकून मी चहा मागवला. जुना मी नाकारला, कारण भंगारातून निघालेल्या त्या आल्टरनेटरचं ऑइल सील आमच्याइतकंच म्हातारं असणार आणि आत काय चाललंय ते कोणी उघडून दाखवणार नव्हतं. नव्याचा विचार मात्र केला. माझं मत असं, की स्टेटरची, म्हणजे रोटरभोवतीची स्थिर, गुंडाळी जळलेली असेल, रोटर शॉर्ट असेल किंवा रिंगा झिजून पातळ झाल्या असतील तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये. पण तपासल्याशिवाय नवा घेणं म्हणजे पैसे आहेत म्हणून खर्च करणं.

म्हणून तपासलं. रोटरच्या दोन रिंगांमध्ये मीटरने तीन ओहमच्या आसपास दाखवलं, हवं तेवढंच. रिंग आणि शाफ्ट यांच्यात जोड नाही, म्हणजे अर्थ झालेला नाही. स्टेटरच्या तारांवरचं वार्निश लालसर होतं, जळका वास नाही. डायोड प्लेटवरचे डायोड एकेक पाहिले, सगळे एका बाजूने वाहतात, दुसऱ्या बाजूने अडवतात. म्हणजे इतकं सगळं ठणठणीत, आणि गाडी अडली ती दोन कार्बनवर.

मग नवे कार्बन, दोन्ही बेअरिंग, नवा रेग्युलेटर (चाचा त्याला अजून कटआउट म्हणतात), नवं ऑइल सील. रिंगा लेथवर नुसत्या साफ होतील एवढ्याच घासून घेतल्या. जुनं सील चाचांनी दोन बोटांत धरून वाकवलं तर त्याचा तुकडाच पडला. पंपाची पातीही काढून दाखवली, ती चांगली होती. सगळं जोडून मोटरवर फिरवलं, काटा 14ला टेकला.

पैसे देताना ते म्हणाले, पंपातून तेल परत इंजिनात उतरतं तो खालचा पाइप बघा. तो चोंदला तर नवं सीलही टिकणार नाही.

शुक्रवार

चाचांचं ऐकलं म्हणून बरं. टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. व्हॅक्यूम पंपाला तेल दाबाने मिळतं, पण परत जाताना ते फक्त उताराने जातं, इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरपर्यंतच्या एका वीतभर होजमधून. त्यात अडथळा आला की तेल पंपात साचतं आणि सीलमधून वाट काढतं, थेट आल्टरनेटरच्या पोटात. आमचा होज बाहेरून धडधाकट, टुकटुकीत. कापला तर आतलं रबर फुगून बोळा झालेलं. सायकलचा आरासुद्धा सरळ जाईना. मागे कधीतरी एका गॅरेजवाल्याने ऑइलच्या होजऐवजी पाण्याचा साधा होज टाकला होता. पाण्याच्या रबराला गरम तेल चालत नाही, ते फुगतं. बिलावर 'होज बदली' लिहिलेलं आहे, मी काढून पाहिलं. काम केलं नाही असं कोणी म्हणू शकणार नाही.

म्हणजे सोमवारी हायवेवर नवी बॅटरी घेतली असती तर तीही रिकामी झाली असती. इथे महागातला नवा आल्टरनेटर बसवला असता तर पुढच्या श्रावणापर्यंत त्याच्याही पोटात काजळ. दोष होता त्या सगळ्यात स्वस्त वस्तूत, आणि ती वस्तू बिघडलेल्या भागात नव्हतीच.

ऑपेरा हाउसला स्पेअर पार्टच्या दुकानातून तेलाला चालणारा नायट्राइल होज आणला, सोबत नवा पट्टा. होज मापात कापला, लांब ठेवला की वाकतो आणि वाकला की पुन्हा तेच. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर खाली जाईल इतका ताणला. काही जण तो तारेसारखा घट्ट करतात, मग पावसात किंचाळत नाही खरा, पण बेअरिंग खातो. इंजिन ते चॅसिसची अर्थची केबल हिरवी पडली होती, तीही पॉलिश पेपरने घासून घट्ट केली.

बॅटरी चार्जिंगहून आली. जोडण्याआधी मुद्दाम दुपारपर्यंत तशीच ठेवली आणि मग मीटर लावला. 12.6. गेलेली बॅटरी!

मामांना आत बसवलं. आधी ब्रेक चार-पाच वेळा दाबायला सांगितला, तो घट्ट झाला. तसाच पाय दाबून ठेवा आणि चावी फिरवा. डॅशबोर्डवर लाल दिवा ठळक लागला. "आता बघा याच्याकडे," मी म्हटलं. सेल्फ मारला, दिवा विझला, आणि मामांच्या पायाखाली पेडल अलगद खाली गेलं. व्हॅक्यूम आला. मीटरवर 14.1. हेडलाइट, वायपर, पंखा, सगळं लावून 13.7. हॉर्न असा वाजला की कारखान्यातला रंगारी ब्रश घेऊन बाहेर आला.

संध्याकाळी भावजींनी हिशेब पाहिला. नव्या आल्टरनेटरच्या मानाने खर्च बराच कमी, तरी त्यांचं टुमणं सुरूच. "वहिनी, हे ठीक आहे, पण इंजिनचं काय?" प्रश्न चुकीचा नाही. गाडी चालू असताना ऑइलची कॅप काढली तर थोडा धूर येतो. पिस्टन-रिंगा झिजत चालल्या की चेंबरमध्ये हवेचा दाब वाढतो, आणि त्या दाबापुढे तेल परत उतरायला कां-कूं करतं. हा दाब बाहेर सोडणारा ब्रीदर साफ करून घेतला आहे, एवढ्यावर हंगाम निघेल असं मला वाटतं. होज दर ऑइल बदलीला हाताने दाबून पाहायचा, असं मामांच्या वहीत लिहून दिलं. इंजिन उघडायचं का गाडी काढायची, ते अनंत चतुर्दशीनंतर बघू. उद्या पहाटे हमरापूरची फेरी आहे आणि शाडूच्या मूर्ती आधी आणायच्या आहेत.