सगळी मापं जुळली, नकाशा उलटा

टोटल स्टेशन हे जमीनमोजणीचं मशीन मुळात कोन आणि अंतर एवढंच मोजतं. ईस्टिंग-नॉर्थिंग, म्हणजे बिंदू किती पूर्वेला आणि किती उत्तरेला, हे त्यानंतरचं गणित. मशीन ते आतल्या आत उरकतं, म्हणून हल्ली त्याकडे कुणी बघतही नाही. एका प्लॉटच्या कामात मात्र फील्डबुकात नुसती बेअरिंगं, म्हणजे दिशेचे कोन, आणि अंतरं टिपलेली होती. ऑफिसातल्या नव्या इंजिनिअरने ती एक्सेलमध्ये टाकून प्लॉटचा नकाशा काढला.

तो घेऊन साइटवर गेलो, तर उत्तरेचं गेट नकाशात पूर्वेला!

शीट उघडल्यावर उलगडा झाला. एक्सला आर कॉस थीटा, वायला आर साइन थीटा; आर म्हणजे अंतर, थीटा म्हणजे कोन. कॉलेजात ध्रुवीय निर्देशक असेच शिकवतात, पोराला दोष कसा देणार? पण पुस्तकातला कोन पूर्वेच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो आणि आमचं बेअरिंग उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. त्यामुळे सर्व्हेत ईस्टिंगला साइन लागतो, नॉर्थिंगला कॉस. ५० मीटरवर ३० अंशाचा बिंदू घ्या: ईस्टिंग २५.०००, नॉर्थिंग ४३.३०१. हे दोन आकडे अदलाबदल झाले की बिंदू जवळजवळ २६ मीटर भलतीकडे जातो.

एवढी मोठी चूक तपासणीत सुटली कशी, हे अजून डोक्यातून जात नाही. ऑफिसात बाजू टेपशी ताडल्या, कर्णही ताडले, सगळं जुळलं. जुळणारच! एक्स-वायची अदलाबदल म्हणजे ४५ अंशाच्या रेषेवर धरलेला आरसा. त्यात ना अंतर बदलतं, ना क्षेत्रफळ. त्यातून पडताळणीला घेतलेला खांब नेमका ४५ अंशाच्या आसपास, म्हणजे जागचा फारसा हललाच नव्हता.

खूण एकच होती. बिंदू घड्याळाच्या दिशेने घेतले की निर्देशकांच्या नेहमीच्या सूत्राने क्षेत्रफळ उणे येतं. इथे ते अधिक आलं असणार. पण शीटमध्ये कुणीतरी आधीच एबीएस, म्हणजे उणे चिन्ह काढून टाकणारं फंक्शन, लावून ठेवलेलं, चिन्ह दिसायची सोयच नाही. उत्तर नीटनेटकं दिसावं म्हणून पुरावा पुसायची ही सवय मला टेपच्या आंधळ्या भरवशापेक्षा घातक वाटते.

‘मापं तर बरोबर होती ना,’ असं सही करणारे साहेब अजूनही म्हणतात. मी आता प्रत्येक कामात दुसरा ज्ञात कंट्रोल पॉइंट, म्हणजे निर्देशक आधीच माहीत असलेला बिंदू, वाचायला लावतो आणि त्याचे निर्देशक त्याच शीटमधून काढून घेतो. तो पॉइंट ४५ किंवा २२५ अंशाच्या जवळ असेल, तर तिसरा घ्यायचा.