तिन्ही कसोट्यांना उतरलेले सूत्र

अभियंत्यांसाठीच्या एका सूत्रसंग्रहाचे शेवटचे मुद्रित माझ्या टेबलावर होते आणि त्यातील प्रत्येक सूत्र तपासण्याची जबाबदारी माझी होती. संध्याकाळी ते छपाईला जायचे होते. दुपारी, सोडवलेल्या उदाहरणांची कोष्टके करणारी माझी सहकारी एक कागद घेऊन आली आणि म्हणाली, "सर, आडव्या टाकीचे सूत्र एकदा बघता का? पाव उंचीपर्यंत पाणी आले की टाकी ४७ टक्के भरते, असे उत्तर येते आहे."

मी मान वर न करताच सांगितले की तिने कोन रेडियनऐवजी अंशांत घेतला असणार. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "अंशांत घेतला असता तर टाकी एकोणीस वेळा भरली असती, सर." मग मात्र मी हातातले काम बाजूला ठेवले.

टाकी दंडगोलाकार आणि आडवी ठेवलेली; तिची लांबी ल, त्रिज्या त्र आणि तळापासून पाण्याची पातळी प. मुद्रितातील सूत्र असे होते:

घनफळ = ल × [त्र² × व्यस्त कोसाइन((त्र − प) ÷ त्र) + (त्र − प) × √(२त्रप − प²)]

हे सूत्र मी दोनदा तपासले होते आणि तेही वरवर नव्हे. आधी मिती पाहिली होती: कंसातील दोन्ही पदे लांबीच्या वर्गाची आहेत, त्यांना लांबीने गुणले की घनफळ मिळते. मग टोकाच्या किमती घातल्या होत्या: पातळी शून्य असताना घनफळ शून्य, पातळी त्रिज्येइतकी असताना बरोबर निम्मे, व्यासाइतकी असताना पूर्ण टाकी. एवढ्यावर न थांबता सममितीही पाहिली होती. पातळी प असताना जितके पाणी असते, तितकीच रिकामी जागा पातळी २त्र − प असताना राहायला हवी. सूत्र तेही पाळत होते. तीन कसोट्या, तिन्ही ठिकाणी बरोबरची खूण.

त्रिज्या १ आणि लांबी १ धरून मी पाव उंचीची, म्हणजे पातळी ०.५ असतानाची किंमत स्वतः काढली: १.०४७ अधिक ०.४३३, म्हणजे १.४८०. त्या पातळीला पाण्याच्या पृष्ठभागाची रुंदी १.७३२ असते आणि त्याखाली टाकी अरुंदच होत जाते. म्हणजे पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ १.७३२ गुणिले ०.५, अर्थात ०.८६६ या आयताच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त असूच शकत नाही. सूत्र चुकले होते हे सिद्ध करायला याहून अधिक काही नको होते, तरीही मी ०.१ उंचीच्या पाच पट्ट्या पाडून मध्यावरच्या रुंदींवरून त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज केली, ती ०.६१९ आली. अधिक चिन्हाच्या जागी उणे ठेवले की सूत्र ०.६१४ देते, म्हणजे टाकी १९.५५ टक्के भरलेली.

आता प्रश्न हा होता की चूक तीन कसोट्यांतून निसटली कशी. बरोबर आणि चुकीच्या सूत्रांतला फरक दुसऱ्या पदाच्या दुपटीइतका आहे, आणि ते पद नेमके तीनच ठिकाणी शून्य होते: तळाशी, मध्यावर आणि माथ्याशी. सोयीच्या म्हणून मी निवडलेल्या किमती नेमक्या त्याच होत्या. सममितीच्या कसोटीत तर हे पद एकदा धन आणि एकदा ऋण येऊन स्वतःच नाहीसे होते, त्यामुळे त्याचे चिन्ह काय आहे हे तिला दिसणे शक्यच नव्हते. कसोट्या तीन असल्या तरी तिघीही एकाच पदाच्या चिन्हाकडे डोळेझाक करीत होत्या.

त्याच पानावरच्या गोलाकार टाकीच्या सूत्राला मात्र ही भीती नाही. ते पातळीच्या तिसऱ्या घाताची बहुपदी आहे, आणि अशा दोन बहुपदी चार वेगवेगळ्या किमतींना जुळल्या तर त्या एकच असतात. तिथे चार आकडेमोडी म्हणजे चक्क सिद्धता. आडव्या टाकीच्या सूत्रात वर्गमूळ आणि व्यस्त कोसाइन आहे, तिथे ही सवलत नाही.

त्यातली चूक खरोखर पकडणारी कसोटी विकलनाची. पातळी किंचित वाढली तर घनफळ पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढले पाहिजे, म्हणून बरोबर सूत्राचे विकलन केले की ल गुणिले रुंदी, २ल√(२त्रप − प²), हेच हाती येते. चुकीच्या सूत्राचे विकलन मध्यावर, जिथे पृष्ठभाग सर्वांत रुंद तिथेच, शून्य होते. जणू टाकी निम्मी भरल्यावर पातळी चढायला पाणीच लागत नाही.

लेखकांना फोन केला. ते म्हणाले, "माझ्या आकृतीत टाकी निम्म्याहून जास्त भरलेली आहे. तिथे वर्तुळपाकळीत त्रिकोण मिळवायचा असतो, म्हणून अधिक चिन्ह. पण माझा कंस बघा." मी पहिले मुद्रित काढले. लेखकांनी (प − त्र) लिहिले होते आणि अधिक चिन्हासह ते सूत्र प्रत्येक पातळीसाठी निर्दोष होते. त्या कंसाभोवती पेन्सिलीने गोल होता, बाजूला (त्र − प) असे लिहिलेले होते आणि समासात शेरा होता: 'आधीच्या कंसाशी एकसारखे करावे.' अक्षर माझे होते.

सहकारीने एवढेच विचारले, "असे एकसारखे केलेले आणखी किती कंस आहेत, सर?" छपाई पुढे ढकलून आम्ही दोघे पहिले मुद्रित पानापानाने पाहत बसलो. सात कंस निघाले. बाकीच्या सहांमध्ये मी चिन्हही बदलले होते.