वेशीवरचं डोपामिन

रविवारी सकाळी मिसळीला जायचं का, हा प्रश्न नाशिककराला पडत नाही. कुठल्या, एवढाच पडतो. काळा रस्सा की लाल, यावर आमच्या घरात उघड दोन तट आहेत. परवा गंगापूर रोडला पापड मोडता मोडता भाचा म्हणाला, "मामा, काय डोपामिन मिळालं!" मी हसलो, पण घास जरा अडला. त्याला हा शब्द मोबाइलवर भेटला असणार. मला तो आयसीयूत भेटला होता.

बाबा आत होते. बीपी धरत नव्हतं. उशाशी सिरिंज पंप आणि सिरिंजला लावलेल्या चिकटपट्टीवर निळ्या पेनाने लिहिलेलं : डोपामिन. दोन दिवस मी बाबांपेक्षा पंपावरच्या आकड्याकडेच जास्त बघितलं. सिस्टरने तो वाढवला की पोटात गोळा यायचा; कमी केला की मी खाली जाऊन चहा प्यायचो. ज्याला सगळे आनंदाचं रसायन म्हणतात ते शिरेतून थेट चाललेलं, आणि बाबांच्या कपाळावरची आठी काही हलत नव्हती! डॉक्टरांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. शिरेतलं डोपामिन हृदयाला जोर देतं, डोस वाढला की रक्तवाहिन्या आवळतं. पण मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींची तटबंदी आहे, ती त्याला वेशीवरूनच परत पाठवते. मेंदू आपलं डोपामिन आपल्या घरीच करतो.

प्रयोगशाळेत ते १९१० सालीच तयार झालं होतं, लंडनला. पण मेंदूतलं त्याचं काम कळायला आणखी जवळजवळ अर्धं शतक गेलं. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळांतलं; ते मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. ससे जागच्या जागी थिजले. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं, आणि ते पुन्हा हिंडू लागले. डोपामिन अडतं त्या वेशीतून लेव्होडोपा सुटतं आणि आत गेल्यावर त्याचंच डोपामिन होतं. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. सशांचं कुणी नाव घेत नाही.

हेच लेव्होडोपा आमची आत्या रोज घेते. तिला पार्किन्सन आहे; त्यात मेंदूचं हे घरचं डोपामिन कमी पडतं. (खाजकुयलीच्या बियांतही ते असतं, हे सांगितल्यावर लहानपणी शेतात अंगभर सुटलेली खाज आठवून ती अर्धा तास त्या वेलीला शिव्या देत होती.) गोळी खाण्याच्या आधी घ्यायची, कारण प्रथिनं तिच्या वाटेत येतात. मटकी म्हणजे प्रथिनंच की. त्यामुळे तिच्यासाठी बांधून आणलेली मिसळ टेबलावर थांबते आणि आत्या घड्याळ बघते.

परवा टोपलीतल्या काळ्या पडलेल्या केळ्याकडे बघून भाचा म्हणाला, "आजी, केळ्यातपण डोपामिन असतं. साल काळी पडते ना, ती त्याच्यामुळेच."

"मग मला केळंच द्या रे. गोळ्यांचे पैसे तरी वाचतील."

मी तिला वेस, तटबंदी सगळं समजावलं. केळ्यातलं बाहेरच राहतं, गोळीतलं आत जातं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. थरथरत्या हाताने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

"अजून वीस मिनिटं. तोवर रस्सा गॅसवर ठेव. आणि तर्री तुमच्यात वाटून टाकू नका."