स्वतःला काय म्हणावे, याचा हक्क

१० एप्रिल १९९८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टमध्ये झालेल्या कराराविषयी मी जितके वाचत जातो, तितके त्यातील नागरिकत्वाच्या तरतुदीचे मोल मला अधिक जाणवते. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या माणसाला स्वतःला आयरिश, ब्रिटिश किंवा दोन्ही म्हणवून घेण्याचा हक्क आहे, हे त्यात ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही देशांच्या सरकारांनी मान्य केले. उत्तर आयर्लंडने ब्रिटनबरोबर राहावे की आयर्लंडमध्ये सामील व्हावे, या मुख्यतः प्रोटेस्टंट आणि कॅथलिक समाजांमधील ज्या वादात तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली, त्यातील एवढा नाजूक निर्णय ज्याच्या त्याच्या स्वाधीन करणे मला विलक्षण धाडसाचे वाटते. २२ मे रोजीच्या सार्वमतात उत्तर आयर्लंडमध्ये ७१ टक्के, तर दक्षिणेत, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकात, ९४ टक्के मते कराराच्या बाजूने पडली.

त्यानंतर तीनच महिन्यांत, १५ ऑगस्टला, उत्तर आयर्लंडमधील ओमा या गावातील बॉम्बस्फोटात २९ जण मृत्युमुखी पडले, आणि त्यांत जुळ्यांची आई होऊ घातलेली एक स्त्रीही होती, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. करार मात्र टिकला. ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेची शस्त्रे निकामी करण्याचे काम २००५ मध्ये पुरे झाले, तेव्हा साक्षीदार म्हणून एक कॅथलिक आणि एक प्रोटेस्टंट धर्मगुरू उपस्थित होते.