गिनीपिग, ट्युबरक्युलिन आणि चिपळूणचा पावसाळा : माझा अनुभव

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लसीचा, व्रण असतो आणि घरात कुणाची ना कुणाची क्षय तपासणारी मॉन्टू टेस्ट झालेली असते. हातावर कातडीच्या आत एक बारीक इंजेक्शन देतात आणि दोन-तीन दिवसांनी डॉक्टर पट्टी लावून गाठ मोजतात. ती गाठ कशाची बनलेली असते आणि ती तयार व्हायला इतका वेळ का लागतो, यावर मी एम. फार्म.चा प्रबंध केला. विषय कागदावर लहान दिसत होता. चिपळूणजवळच्या कॉलेजात, ऐन पावसाळ्यात, जिवंत प्राण्यांवर तो पार पाडताना मी जे शिकले ते सविस्तर लिहिते आहे, कारण कोकणात राहून असं काम करू पाहणाऱ्यांना ते सांगणारं फारसं कुणी भेटत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. १८९० मध्ये त्यांनी ट्युबरक्युलिन, म्हणजे त्याच जंतूंपासून काढलेला अर्क, औषध म्हणून जाहीर केलं. औषध म्हणून ते साफ फसलं. पण १८९१ मध्ये त्यांनी नोंदवलेलं एक निरीक्षण टिकलं. निरोगी गिनीपिगला क्षयाचे जंतू टोचले तर साधारण दहा ते चौदा दिवसांनी तिथे गाठ येते. आधीच क्षय झालेल्या गिनीपिगला तेच टोचले तर एक-दोन दिवसांतच ती जागा कडक होते, काळवंडते. म्हणजे त्या शरीराला जंतूची ओळख पटलेली असते. १९०६ मध्ये फॉन पिरके यांनी अशा बदललेल्या प्रतिसादाला ॲलर्जी हे नाव दिलं, आणि १९०८ मध्ये मॉन्टू यांनी ट्युबरक्युलिन कातडीत टोचायची पद्धत आणली. ही ओळख शरीरात नेमकी कुठे साठवलेली असते, हा वाद मात्र बरीच वर्षं चालला. धनुर्वातासारख्या रोगात प्रतिकारशक्ती रक्तातल्या सीरमबरोबर दुसऱ्या प्राण्यात नेता येते. ट्युबरक्युलिनच्या बाबतीत सीरम देऊन काही होईना. शेवटी १९४५ मध्ये मेरिल चेस यांनी जंतूची ओळख आधीच झालेल्या गिनीपिगच्या पांढऱ्या पेशी साध्या गिनीपिगला दिल्या, आणि त्या दुसऱ्या प्राण्याच्या कातडीवर ट्युबरक्युलिनची गाठ उठली. ओळख पेशींमध्ये होती. हे वाचलं त्या संध्याकाळी मी विषय पक्का केला.

माझा प्रश्न असा होता : बीसीजी दिलेल्या गिनीपिगच्या कातडीत पीपीडी, म्हणजे शुद्ध केलेलं ट्युबरक्युलिन, टोचल्यावर ६, २४ आणि ४८ तासांनी त्या जागी कोणत्या पेशी असतात, आणि हाताला लागणारा कडकपणा त्यांच्याशी कसा जुळतो.

परवानगीचा टप्पा सर्वांत जास्त शिकवून गेला. आपल्याकडे १९६० चा प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि प्रयोगांसाठी १९९८ चे नियम आहेत. गिनीपिगसारख्या लहान प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेची प्राणी नैतिकता समिती मान्यता देते. त्यासाठी 'फॉर्म बी' भरावा लागतो. समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो, बाहेरच्या संस्थेतला एक शास्त्रज्ञ असतो आणि विज्ञानाबाहेरची, समाजाचं भान असलेली एक व्यक्तीही असते. आमच्या समितीत त्या जागी एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे आकडेमोडीवर बोलत असताना बाईंनी शांतपणे विचारलं, "त्याला दुखलं तर तुला कसं कळणार?"

हा प्रश्न औपचारिक नव्हता. गिनीपिग हा शिकार होणारा प्राणी आहे, तो दुखणं लपवतो. ओरडत नाही, लंगडत नाही, फक्त कोपऱ्यात अंग फुगवून बसतो आणि खाणं कमी करतो. त्यामुळे रोज ठरलेल्या वेळी वजन करायचं, पाला किती खाल्ला ते बघायचं, लेंड्या बघायच्या आणि वजन ठरावीक मर्यादेपेक्षा घटलं तर त्या प्राण्याला प्रयोगातून काढायचं, असं सगळं फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागलं. लिहिताना वाटलं होतं की हा वाढीव व्याप आहे. पुढे हीच वजनाची वही माझ्या आकड्यांच्या पाठीशी उभी राहिली.

दुसरा मोलाचा बदल पशुवैद्य डॉक्टरांनी सुचवला. मूळ आराखड्यात प्रत्येक वेळेसाठी वेगळा गट होता, म्हणजे तिप्पट प्राणी. डॉक्टर म्हणाले, "एकाच जनावराच्या कुशीवर जागा वेगळ्या घ्या. एक तपासायच्या दोन दिवस आधी टोचा, दुसरी आदल्या दिवशी, तिसरी तपासायच्या दिवशी सकाळी. तपासाल तेव्हा तुमच्या तिन्ही वेळा एकाच कातडीवर मिळतील." प्राणी एकतृतीयांश झाले, आणि प्रत्येक प्राण्याची तुलना त्याच्या स्वतःशीच होऊ लागली. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी मांडलेल्या तीन तत्त्वांपैकी 'प्राण्यांची संख्या कमी करा' हे तत्त्व मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्याने प्रयोग अधिक चांगला होतो, हे त्या दिवशी कळलं.

मान्यता हातात येईपर्यंत मिरग लागला होता. प्राणी नोंदणीकृत ब्रीडरकडूनच घ्यावे लागतात. ते घाटावरून, कराड-कुंभार्लीमार्गे आले, रात्रीच्या गाडीने, उन्हाचा त्रास नको म्हणून. आमचं प्राणिगृह दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर पाहिलेल्या कुणालाही त्याचं कारण सांगावं लागत नाही. आल्यावर काही दिवस त्यांना नुसतं राहू द्यायचं असतं, कारण प्रवासाने घाबरलेल्या प्राण्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि कॉर्टिसॉल हीच पेशींची प्रतिक्रिया दाबून टाकतं.

आता पावसाळ्याबद्दल. गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) दोघांतही निकामी आहे. रोज किलोमागे साधारण १० मिलिग्रॅम तरी पोटात जावं लागतं. ते कमी पडलं तर आधी सांधे दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं, आणि स्कर्व्ही झालेल्या गिनीपिगची ट्युबरक्युलिनची गाठ नीट उठतच नाही. म्हणजे खाणं चुकलं की मोजमापच खोटं पडतं. कारखान्यातून येणाऱ्या गोळी-खाद्यात क जीवनसत्त्व घातलेलं असतं, पण ते साधारण ९० दिवसांतच बरंचसं उतरतं, आणि उष्ण दमट हवेत त्याहून लवकर. आषाढातल्या चिपळुणात पोतं एकदा फोडलं की खाद्याला वास यायला वेळ लागत नाही.

आवळा त्या दिवसांत मिळत नाही. पेरू महाग आणि गोड. प्राणिगृहातले काका मूळचे खेर्डीकडचे. त्यांनी सांगितलं, "ताई, शेवगा आहे की दारात." गोकुळाष्टमीला आपण ज्या पाल्याची भाजी करतो तोच. कोवळा पाला धुवून, पाणी निथळून, कपड्यावर पसरून, प्रत्येक पिंजऱ्यासाठी सारखा तोलून. बरोबर थोडा कोबी. काकांच्या पिशवीचा आवाज आला की सगळे पिंजरे एकदम शीळ घालायला लागत, आणि जो शीळ घालत नाही त्याच्याकडे आम्ही आधी बघायचो. बसायला भाताचं तूस होतं. ते दमट हवेत दिवसभरात ओलं होई, आणि ओल्या तुसात बुरशी धरते, पाय सोलवटतात. इतर ठिकाणी आठवड्यातून दोनदा तूस बदलून भागतं, आमच्याकडे काका रोज बदलत. वर्षभर टिकेल अशी भाताच्या गिरणीवरची उधारी त्यांनी आधीच बोलून ठेवली होती.

लाईट जाणं धरूनच चालायचं होतं. बीसीजीची लस २ ते ८ अंशांत आणि उजेडापासून दूर ठेवावी लागते, एकदा विरघळवली की काही तासांतच वापरावी लागते. लसीकरणाच्या शिबिरात वापरतात तो बर्फाच्या पॅकचा डबा आम्ही कायम भरून ठेवत असू. पीपीडीही त्यातच.

बीसीजी दिल्यावर काही आठवडे फक्त थांबायचं असतं. जंतू ओळखणाऱ्या टी पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्या ठरावीक जाती वाढायला, त्यांतल्या काही स्मृती म्हणून शिल्लक राहायला वेळ लागतो.

मग कातडीची चाचणी. आदल्या दिवशी कुशीवरचे केस मशीनने काढून त्वचा शांत होऊ दिली. प्राणी पांढरेच निवडले होते, लाली दिसावी म्हणून. एक जण प्राण्याला टॉवेलात धरतो, दुसरा बारीक सुईने ०.१ मिली पीपीडी कातडीच्या आत सोडतो. सुई बरोबर थरात असेल तर लगेच फिकट, मसुराएवढा फुगवटा येतो, आणि थोड्याच वेळात जिरतो. दुसऱ्या कुशीवर नुसतं मिठाचं पाणी. मोजणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे माहीत नसायचं. पिंजऱ्यांवर फक्त आकडे होते.

मोजताना डोळे मिटून बोट फिरवावं, असं आमच्या सरांनी शिकवलं. लाली लांबून दिसते, पण ती मोजायची नसते. बॉलपेन बाहेरून गाठीकडे हळूच सरकवत न्यायचं. मऊ कातडीवर ते सहज घसरतं, आणि कडकपणा सुरू होतो तिथे अडतं. तिथे खूण. चारही बाजूंनी तसंच करून दोन व्यास घ्यायचे. सहा तासांच्या जागेवर थोडी लाली होती, पण पेन कुठे अडलं नाही. चोवीस तासांच्या जागेवर अडलं. अठ्ठेचाळीस तासांच्या जागेवर तर बोटाखाली बटण असल्यासारखी गाठ होती. बीसीजी न दिलेल्या प्राण्यांच्या कातडीवर पेन सरळ पुढे गेलं.

त्यानंतरचा टप्पा कठीण होता. बीसीजी दिलेल्या प्राण्यांना भुलीच्या औषधाचा जादा डोस देऊन शांतपणे संपवावं लागलं, कातडी आणि लसिका ग्रंथी घेण्यासाठी. काकांनी प्रत्येकाला स्वतः उचलून आणलं, कारण ते त्यांच्या हाताला सरावलेले होते. मला ते अजून जड जातं, आणि जड जाणं बरोबर आहे असं मला वाटतं.

स्लाइड वाचायला रुग्णालयातल्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी मदत केली. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की गिनीपिगच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधले कण लालसर रंगतात, त्यांना इओसिनोफिल हा दुसरा प्रकार समजू नको. रक्ताच्या स्लाइडवर पोटात मोठा गोल गोळा धरलेल्या कुर्लोफ पेशीही दिसल्या. त्या गिनीपिगच्या जातकुळीतच दिसतात. पण खरी गोष्ट कातडीत होती. सहा तासांच्या जागी पसरलेले न्यूट्रोफिल. चोवीस तासांच्या जागी बारीक शिरांभोवती गोल, गडद केंद्रकांच्या पेशींची दाटी, म्हणजे लिंफोसाइट आणि मोनोसाइट, शिरेतून बाहेर पडून तिथेच थांबलेल्या. अठ्ठेचाळीस तासांच्या जागी त्या सगळ्या थरात पसरलेल्या, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) मोठे झालेले, आणि मध्ये फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांचं, जाळं. कडकपणा त्या जाळ्याचा आणि गर्दीचा.

गंमत अशी की त्या गर्दीत पीपीडी ओळखणाऱ्या टी पेशी फार थोड्या असतात. त्या थोड्या पेशी इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं सोडतात, शिरांची भिंत चिकट होते, आणि रक्तातून जाणाऱ्या इतर पेशी तिथे ओढल्या जातात. या साखळीलाच दोन दिवस लागतात. धुळीच्या ॲलर्जीत अँटिबॉडी कातडीतल्या मास्ट पेशींवर आधीच तयार बसलेल्या असतात, म्हणून तिची गांधी मिनिटांत उठते. इथे पेशींना जमावं लागतं.

प्रबंधाचं लेखन आणि तोंडी परीक्षा याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ वजनाची वही चाळली, आणि पावसाळ्यात एकाही प्राण्याचं वजन घटलं नाही हे पाहून पाल्याबद्दल विचारलं. मी काकांचं नाव आभारात पहिलं घातलं आहे.

पुढे गुहागरहून वहिनीचा फोन आला. शेजारी क्षयाचा रुग्ण निघाला म्हणून भाच्याची मॉन्टू टेस्ट केली होती. "अगं, हात लालेलाल झालाय, झालंच बहुतेक." मी म्हटलं, "वहिनी, लाली बघू नका. चोळू नका, काही लावू नका, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच दाखवा." डॉक्टरांनी मोजली ती गाठ १० मिलिमीटरच्या खाली होती. त्यांनी छातीचा एक्स-रे काढून पुढे लक्ष ठेवायला सांगितलं.

वहिनीचा पुढचा प्रश्न अगदी नेमका होता : बीसीजी तर त्याला जन्मतःच दिली आहे, मग गाठ त्याचीच नसेल कशावरून? पीपीडीत शेकडो प्रथिनं असतात, त्यांतली बरीच बीसीजीच्या जंतूतही असतात, त्यामुळे ही शंका कायम राहते. म्हणून आता इसॅट-६ आणि सीएफपी-१० ही दोन प्रथिनं वापरून केलेली नवी त्वचा-चाचणी भारतात आली आहे. ही प्रथिनं क्षयाच्या जंतूत असतात, बीसीजीत नसतात, कारण बीसीजी तयार होताना तो जनुकांचा तुकडाच गळाला. माझ्या गिनीपिगना ही चाचणी टोचली असती, तर बॉलपेन कुठेच अडलं नसतं.