तेलाचा हिशोब

आषाढी झाली. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण बहुतेक आमच्याच घरात बसून कोणीतरी रचलेली असणार. सकाळी खिचडी, दुपारी भगर आणि दाण्याची आमटी, बटाट्याची उपासाची भाजी, चार वाजता रताळ्याचा गोड कीस, संध्याकाळी आईला काहीतरी तोंडात टाकायला हवं म्हणून वेफर्स, ते मीही टाकले, आणि रात्री परत सकाळची उरलेली खिचडी कारण टाकवत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्याला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रोटीन नावालासुद्धा नाही, दाण्याचं कूट पडतं म्हणून निदान थोडीफार अब्रू राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभा राहिलो तर सव्वा किलो जास्त. बायको म्हणाली, बघ, झालं. पण तसं नसतं ना. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण सात हजार सातशे कॅलरी जास्तीच्या जाव्या लागतात, एवढी खिचडी एका दिवसात कोणी खाऊ शकत नाही, माझा मेहुणासुद्धा नाही. ते सगळं पाणी, मीठ आणि पोटात अजून असलेलं अन्न. दोन-तीन दिवसांत उतरतं, उतरलंही. त्यामुळे आषाढी, दिवाळीचा फराळ, गणपतीतले मोदक, वर्षातून चार वेळा खाल्लेली मस्तानी यांच्या नावाने खडे फोडण्यात मला फार अर्थ वाटत नाही. लोक नेमकं त्याचंच मनाला लावून घेतात आणि मग सोमवारपासून डाएट वगैरे. मी हिशोबाच्या लाईनमधला माणूस, आमच्याकडे ज्या धंद्यात पैसा मुरतो तो मोठ्या बिलांमध्ये क्वचित मुरतो, मोठं बिल सगळे तपासतात, मुरतो तो ‘किरकोळ खर्च’ या खात्यात. वजनाचं मला तसंच दिसायला लागलंय.

हे सगळं डोक्यात यायचं कारण ऑफिसचं मेडिकल चेकअप. उंची पाच फूट सहा, वजन ६९, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजनाचा तो आकडा, साडेचोवीसच्या आसपास. मी खूश, कारण भिंतीवरच्या तक्त्यात पंचवीसपर्यंत हिरवा रंग. तिथली डॉक्टर मुलगी म्हणाली काका, तो तक्ता गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, आणि टेप काढून पोट मोजलं. ९४ सेंटिमीटर. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० ही आपल्याकडची हद्द. मी म्हटलं अहो पण मी तर ३४ ची पँट घालतो, तर ती हसली, म्हणाली पँट पोटाखाली बसते, टेप पोटावरून जाते. यावर काय बोलणार. आता हे लिहिताना पँट बघतोय तर खरंच की, बेंबीच्या चांगली चार बोटं खाली.

आणि गंमत म्हणजे यातलं बरंचसं संशोधन कुठे लांब अमेरिकेत नाही, आपल्या पुण्यातल्या रास्ता पेठेत झालंय. तिथल्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास लावून धरला, आपली बाळं जन्मतः वजनाने कमी पण चरबी त्या मानाने जास्त, वरून बारीक आतून जाड. त्यांचा एक फोटो आहे, २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, स्वतः याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी सेम, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. मला तो फोटो भयंकर आवडतो, कारण मधुमेहाचा एवढा मोठा डॉक्टर स्वतःलाच उदाहरण म्हणून उभा करतो. तर आपल्याकडे ‘मी कुठे जाड आहे’ या वाक्याला फारसा अर्थ नाही, काट्यापेक्षा टेप खरी.

मग किरकोळ खात्याकडे वळलो. पहिलं तेल.

किराणा मी आणतो. महिन्याला पाच लिटरचा शेंगदाणा तेलाचा कॅन, खाणारी आम्ही चौघं, आई, बायको, लेक आणि मी. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. भागिले चार, भागिले तीस. माणशी रोज ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जे ताट सांगितलंय, दोन हजार कॅलरींचं, त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम. आमचं तूप वेगळंच, वरणभातावरचं, पुरणपोळीवरचं, त्याचा हिशोब मी आईसमोर करणार नाही, मला घरात राहायचंय. नुसतं तेलच माणशी ११ ग्रॅम जास्त, ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे रोज शंभर. कोणाला कळतही नाही. जिभेलाही नाही.

स्वयंपाकाला मावशी येतात. गेल्या रविवारी मी ओट्याशी उभा राहून नुसतं बघत होतो. पोह्यांची फोडणी. त्यांची ती स्टीलची पळी, दांडा जरासा वाकलेला, कॅनमधून छोट्या बरणीत, बरणीतून पळीत आणि पळी कढईत उपडी, मग कढई फिरवून बघायची आणि ‘हं’ म्हणून अजून अर्धी. मी नंतर ती पळी घेतली आणि कफ सिरपच्या बाटलीवरचं ते खुणांचं झाकण असतं ना, त्याने मोजली. पळीत २५ मिली बसतं. म्हणजे चौघांच्या पोह्यांना ३७ मिली, नुसत्या नाश्त्याला, मग भाजी, आमटीची फोडणी, कोशिंबिरीवरची फोडणी, पोळीला आतून घडीत लावलेलं तेल. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, “दादा, काय चाललंय?” म्हटलं, “मावशी, तेल जरा कमी घालता येईल का?” “येईल की, पण मग भाजी कढईला लागली तर मला बोलू नका, आणि वांग्याला तेल लागतंच, ते मी आत्ताच सांगते.” वांग्याचं मान्य केलं. वांग्याशी कोण भांडणार.

पळीच्या जागी आता चहाचा मोठा चमचा आहे, आणि भाजीवर झाकण ठेवून त्यात पाणी, जुनीच पद्धत, आईने सांगितली, पूर्वी तेल रेशनवर होतं तेव्हा असंच करायचे म्हणाली. चवीत मला तरी फरक नाही. लेक म्हणते आहे. ती अठरा वर्षांची आहे, तिचा बीएमआय तिचा ती बघेल.

दुसरं किरकोळ खातं चहा. सकाळी घरी दोन, ऑफिसखालच्या अमृततुल्यात अकराला आणि चारला, तिथला चहा म्हणजे साखरेतच चहा घातलेला. कपाला दोन चमचे धरले तरी चार कपांची साखर ३५-४० ग्रॅमवर जाते, आणि दिवसभराची सगळी मिळून २५ च्या आत ठेवा म्हणतात. साखर एकदम बंद करणं मला जमणार नाही आणि करायचंही नाही, सकाळचा चहा गोडच पाहिजे. चारचा बंद केला. खरं म्हणजे चहा नव्हता नडत, त्याच्याबरोबरची खारी आणि क्रीमरोल नडत होते, चहा गेला तसे ते आपोआप गेले.

ऑफिसात यावर दोन पक्ष आहेत. एक डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या डाएटवाले, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दुसरे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरवाले, थोडं थोडं, घरचं, आपल्या मातीतलं खा आणि तूप सोडू नका. डबा खाताना इतकी भांडणं होतात की निवडणुकीत होत नाहीत. मला आपलं वाटतं दोन्ही पक्षांत ज्याचं उतरतं त्याचं एकाच गोष्टीने उतरतं, मधलं फरसाण, बिस्किटं आणि बेकरी जाते म्हणून. हे मी बोललो तर दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या.

ताटाचं मात्र मला आपल्या जुन्या लोकांचं कौतुक वाटतं. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लिंबू, उजवीकडे भाजी, आमटी, मधे वरणभात, पोळी. सगळं आहे, काहीच बाहेरून आणायला नको, ना क्विनोआ ना अॅव्होकाडो. बिघडलंय ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर, ती पण पाहुण्यासारखी कोपऱ्यात, भाजी दोन डाव आणि मधला भाग सगळा पोळ्या आणि भाताचा, आणि आमटी इतकी पातळ की डाळ शोधावी लागते. त्याच पोषण संस्थेच्या ताटात अर्धं ताट भाज्या-फळांचं आहे, रोज माणशी ४०० ग्रॅम भाजी. आमच्याकडे चौघांत अर्धा किलो गवार आणून दोन वेळा पुरवतात! तर सध्या चाललंय ते एवढंच, कोशिंबीर वाटीभर, आधी ती खायची, काकडी-गाजर-मुळा जे असेल ते, उसळ रोज, मटकी नाहीतर हरभरा नाहीतर मूग, आणि तीन पोळ्यांच्या दोन. रात्री ज्वारीची भाकरी. भाताची एक मूद राहिली, तेवढी मी सोडणार नाही, वरणभात-तूप-लिंबू सोडून बारीक होण्यापेक्षा पोट बरं.

चालायला रोज हनुमान टेकडी, पाऊस फारच असला तर सोसायटीतच फेऱ्या. टेकडीबद्दल पुण्यात एक मोठा गैरसमज आहे की टेकडी चढली की खायचा परवाना मिळतो. माझ्या वजनाच्या माणसाचे सपाटीवर किलोमीटरला पन्नास-साठ कॅलरी जातात, चढ धरला तर जरा जास्त, म्हणजे तासाभराच्या टेकडीत तीनशेच्या आसपास. खाली उतरून इडली-वडा सांबार आणि फिल्टर कॉफी घेतली की बरोब्बर फिटंफाट, वर पार्किंगचे पैसे. सिंहगडाचं वेगळं, तिथे वर जाऊन कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाल्लं नाही तर गड चढायचाच कशाला. पण ते वर्षातून दोनदा. टेकडी मला पोटासाठी नको आहे, झोप चांगली लागते, शुगर ताब्यात राहते आणि सकाळी लांडोर नाहीतर मोर दिसतो. आठवड्याला १५० मिनिटं चाला असं डब्ल्यूएचओ सांगतं ते तेवढ्यात होतं.

त्यातलं दुसरं वाक्य मात्र कोणी सांगत नाही, आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, वजन तेच दिसतं पण आत स्नायू जाऊन चरबी आलेली असते, म्हणजे तो फोटोवाला प्रकार वाढतच जातो. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर उतरलेल्यात स्नायूही असतात. आमच्या आईचं बघतो, वय ७४, खाली मांडी घालून मेथी निवडते, जुडी संपली की हात न टेकता उठते. मी उठताना सोफ्याला धरतो. आयुष्यभर उकिडवं बसून काम केल्याचा हा व्यायाम, तिला त्याचं नावही माहीत नाही. मी लेकीकडून उठाबशा शिकतोय, स्क्वॉट म्हणायचं म्हणे, आणि सूर्यनमस्कार शाळेत यायचे ते परत. आई बघून हसते. “अरे, त्यापेक्षा खाली बसून लसूण सोल, तेवढंच काम होईल.” दोन दिवस लसूण सोलला. गुडघे बोलायला लागले पण उठलो.

आणि जेवल्यावर शतपावली, गच्चीत, दहा मिनिटं. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी उसळते हे आता डॉक्टरही सांगतात.

टेप आज ९२ ला आहे. काट्यावर त्या मानाने काहीच नाही, किलोभर खाली. महिना संपला आणि कॅनमध्ये अजून दीडेक लिटर तेल आहे, हे मी बायकोला मोठ्या थाटात दाखवलं. मावशींचं म्हणणं, ताई, म्हणजे आमची लेक, आठवडाभर नाशिकला मैत्रिणीकडे होती म्हणून उरलंय. असेलही. पुढच्या महिन्यात ती इथेच आहे, तेव्हा कळेल.