आईच्या नावावरच्या गोळ्या

फोंडा, शनिवार, रात्रीचे साडेअकरा

पाऊस सकाळपासून थांबलेला नाही. दुपारी पानावर बसले आणि भाचीचा फोन. तिकडे अमेरिकेत तेव्हा पहाट असणार. डॉक्टरकीची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, संपत आली, आता लायसन्सचे अर्ज.

"मावशी, दोन राज्यांचे फॉर्म आहेत. एक विचारतो, सध्या कामात अडथळा येईल असा काही आजार आहे का? तिथे सरळ 'नाही'. दुसऱ्यात आहे, मानसिक आजारावर कधी उपचार घेतलेत का? तिथे काय लिहू?"

गेल्या वर्षी सहा महिने ती थेरपिस्टकडे जात होती, गोळीही चालू होती. आता ठणठणीत आहे. "गेलेच नसते तर आज 'नाही' लिहून मोकळी झाले असते," म्हणाली. हे वाक्य दिवसभर डोक्यातून गेलेलं नाही.

तिकडच्या वैद्यकीय मंडळांच्या महासंघाने २०१८ मध्येच सांगून ठेवलंय: विचारायचंच तर आजच्या कामावर परिणाम होतो का एवढं विचारा, जुना इतिहास उकरू नका. तरी फॉर्म बदलतात ते ज्याच्या त्याच्या सवडीने. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन यांनी आयुष्य संपवलं. मदत घेतली तर लायसन्स जाईल ही भीती त्यांना होती, असं घरच्यांनी सांगितलं. त्यांच्या नावाचा कायदा २०२२ मध्ये आला. त्यातून प्रशिक्षणाला, जागृतीला पैसे मिळाले. फॉर्मवरचे प्रश्न मात्र राज्यांच्याच हाती राहिले.

रुग्णाला सुरक्षित डॉक्टर हवा, याबद्दल वाद नाही. पण रोज रात्री बाटली रिकामी करून सकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहणारा, कधीच कुणाला न दाखवलेला डॉक्टर त्या दुसऱ्या फॉर्मवर 'नाही' लिहितो, आणि ते खरंच असतं! अडकते ती उपचार घेतलेली.

मी तिला सांगितलं, खरं तेच लिही, खोटं पकडलं गेलं तर ते जास्त महागात पडेल. फोन ठेवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

मीही डॉक्टर. २००९ साली आठ महिने मी एस्सिटॅलोप्राम, नैराश्यावरची गोळी, घेतली. कुणाला दाखवलं नाही. चिठ्ठी माझ्याच लेटरहेडवर, पेशंटचं नाव आईचं. औषध फोंड्यातून नाही, मडगावला जाऊन घ्यायचं. तिथला फार्मसीवाला दर वेळी आपुलकीने विचारायचा, "आई बऱ्या आहेत ना?" मी म्हणायची, "आता झोप लागते त्यांना."

आणि मला कुठला फॉर्म भरायचा नव्हता! भीती एवढीच, की एवढ्याशा गोव्यात कुणीतरी मला मानसोपचारतज्ज्ञाकडच्या बाकावर बसलेलं पाहील. बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज आहे, तिथेच मनोरुग्णालयही. 'बांबोळीला गेले होते' म्हणणारा माणूस कुठल्या इमारतीत ते न विचारता सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं तेविसावं कलम रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं. तेव्हा ते नव्हतं. असतं तरी मी मडगावलाच गेले असते, असं वाटतं.

साडेनऊला आईला बीपीची गोळी दिली. चष्मा लावून तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "ही माझीच ना गं?"

"तुझीच," म्हटलं.